घोड्याची थंडीची झूल: जाडी घ्यावी की हलकी?

डिसेंबरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तापमानाचा आकडा पेपरात झळकायला लागला, की आमच्या निफाड पट्ट्यात धावपळ सुरू होते. बागायतदार पहाटे उठून विहिरीचं पाणी ठिबकला सोडतात, बांधावर शेकोट्या पेटवून बागेत धूर करतात, कारण पारा पार खाली गेला की द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात. त्याच आठवड्यात मला दोन-तीन फोन ठरलेले. "झूल कोणती घेतलीस रे? जाडी घेऊ का?"

मी काही घोड्यांचा जाणकार नाही. दोन जनावरं, चार हिवाळे आणि दोन झुली, एवढंच माझं भांडवल. पण दोन्ही झुली एकाच घोडीवर वापरल्या आहेत, म्हणून लिहितो.

वरातीच्या झुलीबद्दल हे नाही. आरसे-गोंडे लावलेल्या त्या झुली सारंगखेड्याच्या यात्रेत हव्या तेवढ्या मिळतात, दिसतात छान, आणि पहिल्याच दवात ओल्या फडक्यासारख्या पाठीला चिकटतात. घोडी रात्री पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उघड्या वाड्यात मोकळी असते, तिच्यासाठी पाणी आत न येऊ देणारी, भरण घातलेली झूल लागते. मी बोलतोय ते तिच्याबद्दल. नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला बंद तबेल्यात घोडं ठेवणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. तिथे साधं ब्लँकेट पुरतं.

माझ्याकडची पहिली झूल 1200 डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप), आत चौरस मीटरला 300 ग्रॅम भरण, मानेकडून उंच घेतलेली, छातीवर दोन बकलं. तिला घरात जाडी म्हणतात. दुसरी 600 डेनियर, 100 ग्रॅम भरण, छातीवर बकलांऐवजी झटक्यात निघणाऱ्या दोन क्लिपा. ती हलकी. जाडीला हलकीच्या दुपटीहून थोडे जास्त पैसे पडले. या दोन्ही जातीच्या झुली कानपूरकडे बनतात. खोगीर-लगामाचा धंदा तिथे जुना आहे आणि बराचसा माल परदेशी जातो. म्हणूनच बहुतेक झुलींचं माप आणि मांडणी त्या थंड देशांच्या हिशेबाने असते, हे ध्यानात ठेवा. पुढे कामाला येईल.

टिकाऊपणात जाडी पुढे आहे, यात वाद नाही. डेनियर म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. तेव्हा 1200 चा धागा 600 च्या दुप्पट जड, एवढंच त्यातून कळतं. कापड किती वर्षं जाईल ते विणीवर आणि तुमच्या कुंपणावर ठरतं. आमच्या वाड्याला एका बाजूला जुन्या मांडवाची तार ताणलेली आहे. बिजली, म्हणजे माझी मारवाडी घोडी, त्या तारेला पुठ्ठा घासल्याशिवाय झोपत नाही. जाडीवर दोन हिवाळ्यांत नुसते ओरखडे आले. हलकी पहिल्याच महिन्यात वीतभर फाटली, नंतर आणखी एकदा. दोन्ही वेळा पिंपळगावात ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडे नेली. त्याने आतून ठिगळ लावून दिलं, वरून मी शिवणीवर मेणबत्ती घासली. त्या जागेतून अजून तरी पाणी आत आलेलं नाही. ताडपत्रीवाल्याने मात्र "घोड्याचा रेनकोट आला" म्हणून दुकानातल्या सगळ्यांना गोळा केलं होतं.

उबेचं गणित इतकं सरळ नाही. घोड्याच्या अंगातली शेगडी त्याच्या पोटात असते. कडबा-गवत मोठ्या आतड्यात आंबतं आणि त्यातून रात्रभर ऊब निघत राहते. म्हणून थंडीच्या रात्री चंदी, म्हणजे दाणा, वाढवण्यापेक्षा मी झोपताना एक पेंढी जास्त टाकतो. त्यातून 5 अंशांपर्यंतची थंडी निरोगी, पोटभर खाल्लेल्या, कोरड्या घोड्याला फारशी जाचत नाही, असं सर्वसाधारणपणे मानतात. "कोरड्या" हा शब्द महत्त्वाचा. केस भिजून चपटे झाले की त्यांच्यात धरलेली हवा जाते आणि मग थंडी हाडात शिरते. आमच्याकडे नांदूर मध्यमेश्वरच्या बाजूने धुकं येतं, पहाटे दव इतकं पडतं की पत्र्याच्या कडेवरून थेंब गळतात. 2023 च्या नोव्हेंबर अखेरीस गारांसकट पाऊस झाला, तेव्हा बागांचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या रात्री बिजलीच्या अंगावर हलकी होती. सकाळी झुलीखाली हात घातला तर खांदा कोरडा, गरम.

हात घालून बघायचा तो खांद्यावरच. कान गार लागले म्हणून घोडं गारठलं असं नाही. याच हाताने मला जाडीचा दोषही दाखवला. निफाडची थंडी म्हणजे पहाटे 6 अंश आणि दुपारी 28. सूर्य वर आला की ऊन चढायला तासभर लागत नाही. साडेआठला जाडीखाली हात घातला की उबदार, सव्वानऊला दमट, आणि दहाला घाम. जिथे दिवसभर गारठा असतो तिथे अशी झूल दोन-दोन दिवस अंगावर राहते. तिथल्या माणसाला तीनशे ग्रॅमची झूल सोयीची वाटत असेल. आपल्याकडे ती रोज सकाळी काढावी लागते आणि रोज संध्याकाळी घालावी लागते. डिसेंबर-जानेवारीचे साठ दिवस धरले तर एकशेवीस वेळा.

माझा निकाल इथे लागला, आणि तो भरणावर नाही, बकलावर लागला.

जाडीची छातीची बकलं म्हणजे पितळी रंगाची, खोगिराच्या तंगाला असतात तशी, जीभ आणि भोक असलेली. दुकानात बघताना फार भक्कम वाटली. घरी आल्यावर कळलं की पट्टा दवाने फुगतो, भोक आवळतं, आणि घोडी लोळली असेल तर जिभेत चिखल बसून वाळतो. सहा अंशांत बधिर बोटांनी ती जीभ मागे ढकलायची म्हणजे नखं मोडतात. त्यात बिजली उभी राहीना. तिला पाणवठ्याकडे जायची घाई असते, ती छाती पुढे रेटते, पट्टा ताणला जातो, आणि ताणलेल्या पट्ट्याचं बकल सुटत नाही. पट्टा आणखी ओढून सैल करावा लागतो, आणि समोरून चारशे किलो विरुद्ध दिशेने ओढत असतात. मी रोज चिडायचो, पण काढायचो.

एका जानेवारीत टोमॅटो घेऊन पहाटेच मार्केटला गेलो. परतायला उशीर होईल म्हणून आईला सांगितलं, ऊन आलं की झूल काढ. आई सत्तरीची, पण जनावरात वाढलेली. तिने बरोबर क्रम धरला. झूल घालताना छाती आधी आणि मांडीचे पट्टे शेवटी, काढताना उलटं, कारण छाती सुटलेली आणि मागचे पट्टे अडकलेले असताना घोडं बिथरलं तर झूल मागच्या पायांत जाते. आईने मांडीचे सोडले, पोटाचे दोन्ही सोडले आणि छातीशी आली. वरचं बकल कसंबसं निघालं. खालचं निघेना. तिचे अंगठे संधिवाताने वाकलेले. तिने दाताने ओढून पाहिलं, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. तेवढ्यात बिजली चालू लागली.

झूल घसरली ती पुढून. सगळी एका बकलावर छातीशी लोंबायला लागली, पुढच्या दोन पायांच्या मध्ये. घोडीचा पाय तिच्यावर पडला, तिने मान झटकली, परत पाय पडला. त्या क्षणी झूल फाटली असती तर बरं झालं असतं. पण 1200 डेनियर कशाला फाटतंय! आईने दावं पकडून ठेवलं आणि हाका मारल्या. बागेत डिपिंगला, म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवायला, आलेल्या बायका धावल्या, त्यांच्यातल्या एकीने शेडमधली छाटणीची कात्री आणली आणि पट्टा कापला. कात्रीचे दोन चावे द्यावे लागले. मी अकराला पोचलो तेव्हा घोडी कडब्यात तोंड घालून उभी होती, मानेखाली घामाचा फेस वाळलेला, आणि आई ओट्यावर चहा पीत होती. मला एवढंच म्हणाली, "अरे बाबा, ती झूल तूच काढत जा, नाहीतर आणूच नको."

पट्टा मी नवा बसवून घेतला. पण त्या आठवड्यात हलकी मागवली, तिच्या क्लिपा बघून.

क्लिपांचेही ताप आहेत, ते लपवत नाही. एकदा एक क्लिप कुंपणाच्या तारेत अडकली, तेव्हापासून तिचं तोंड अंगाकडे वळवून लावतो. स्प्रिंग धुळीने जाम होते, महिन्यातून एकदा शिलाई मशीनचं तेल सोडावं लागतं. बकल दहा वर्षं जाईल, क्लिप बहुधा जाणार नाही. पण ती एका हाताने सुटते, दुसऱ्या हाताने दावं धरता येतं, आणि पट्टा ताणलेला असला तरी सुटते. आई ती अंगठ्याने नाही, तळव्याच्या कडेने दाबते. मी मार्केटला असलो तरी नऊच्या आत घोडी मोकळी होते. जाडीची ऊब जास्त, हे खरंच, पण ती वेळेवर अंगावरून निघाली नाही तर त्या उबेचा घामच होतो.

मग कडाक्याच्या रात्रींचं काय? वर्षात असल्या दहा-बारा रात्री येतात. त्या रात्री मी हलकीच्या खाली जुनी सुती चादर आणि तिच्यावर धनगराकडची घोंगडी टाकतो. घोंगडी उघड्यावर दव पिऊन मणभर जड होते, पण वरून पाणी न येऊ देणारं कापड असलं तर तिच्यासारखी ऊब नाही. सुती चादर मधे हवीच, नाहीतर लोकर खांद्याला टोचते. सकाळी तिन्ही एकदम निघतात. हा जुगाड आहे, मान्य, आणि घोंगडी मागच्या बाजूला सरकते. पुढच्या वर्षी तिला दोन बंद शिवून घ्यायचे आहेत.

खांद्याचा आणखी एक मुद्दा. आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर झुलीचा भार सतत पडला की केस झिजतात, आणि फार झालं तर नवे केस पांढरे येतात. जाडीने बिजलीला तिथे रुपयाएवढं टक्कल पाडलं होतं. आपल्याकडे घोडी बघायला आलेला माणूस आधी भोवरे मोजतो, मग अंगावरचे डाग बघतो. पांढरा ठिपका दिसला की त्याच्या मनात खोगिराची जखम आलीच. तो दोष जाडीचाच असेल असं ठामपणे म्हणत नाही. मारवाडीची छाती निमुळती आणि माझं मापही थोडं मोठं घेतलं गेलं होतं. पण वजन जास्त असलं की चुकीचं माप जास्त बोचतं, एवढं खरं.

तुमचं घोडं म्हातारं असेल, वाळलेलं असेल, किंवा केस मशीनने कापलेले असतील, तर जाडी घ्या. आणि दिवसातून दोनदा बकलाशी झटायला तुम्ही स्वतः घरी असाल तरच घ्या. नदीकाठच्या खोलगटात राहत असाल, जिथे थंड हवा येऊन बसते, तिथेही तिचा विचार करायला हरकत नाही. शक्य असेल तर तीच झूल क्लिपांची मिळते का ते विचारा. दुकानात पट्टा ओला करून एका हाताने उघडून पाहिलात तर उत्तम. दुकानदार हसेल, हसू द्या.

आणि भीमथडी टट्टू असेल तर यातलं काहीच घेऊ नका. आमचा म्हातारा टट्टू दिवाळीपासूनच अस्वलासारखे केस वाढवतो. पहिल्या वर्षी हौसेने त्याला एक झूल घातली होती. रात्रीत तिची एक बाजू त्याने चावून खाल्ली. आता जाडी शेडच्या कोपऱ्यात घडी करून ठेवलेली असते आणि तो तिच्यावर मान टेकून उभा असतो.