मनगटावरच्या ‘विश्रांतीच्या कॅलरी’ : काही महिन्यांच्या वापरानंतर

माझे वय ४६, उंची १५८ सेंटिमीटर आणि नाडी, पावले व कॅलरी दाखवणारे मनगटी घड्याळ घेतले तेव्हाचे वजन ९६ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक, ३८ च्या पुढे. आपल्याकडे २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. हे आकडे आधीच देते, कारण अशा उपकरणांचे बहुतेक अभिप्राय सडसडीत, धावणाऱ्या माणसांनी लिहिलेले असतात आणि जाड शरीरावर तेच उपकरण कसे वागते याबद्दल त्यात काहीच सापडत नाही.

घड्याळ घेण्यामागे माझा हेतू एकच होता. आहारतज्ज्ञांनी रोजच्या खर्चापेक्षा ५०० कॅलरी कमी खायला सांगितल्या होत्या, आणि तो खर्च किती हे कळल्याशिवाय या सल्ल्याला अर्थ नव्हता. दिवसभराच्या खर्चातला मोठा वाटा, बैठे काम करणाऱ्यांत तर साठ-सत्तर टक्के, शरीर नुसते पडून असतानाही होतो: श्वास, रक्ताभिसरण, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांचे काम थांबत नाही. माझ्या घड्याळाच्या ॲपमध्ये हालचालीच्या आणि विश्रांतीच्या कॅलरी वेगवेगळ्या दिसतात. विश्रांतीचा आकडा रोज १६५० च्या आसपास.

हा आकडा रोज जवळजवळ सारखाच कसा, याची मला शंका आली. ताप येऊन गेला, जागरण झाले, उपवास झाला, तरी तो ढळत नव्हता. एका रात्री घड्याळ काढून टेबलावर ठेवले. सकाळी पाहिले तर विश्रांतीच्या कॅलरी रात्रभर त्याच गतीने जमा झालेल्या. मग ॲपमधल्या माझ्या माहितीत वजन दहा किलोंनी कमी करून पाहिले, तेव्हा दुसऱ्या दिवशीचा आकडा सुमारे ९५ ने उतरला. विश्रांतीतला खर्च काढण्याचे हॅरिस आणि बेनेडिक्ट यांचे १९१९ चे जुने सूत्र स्त्रियांच्या बाबतीत किलोमागे साडेनऊ कॅलरी धरते, आणि माझे वय, उंची, वजन त्यात घातले की उत्तर १६५० येते. म्हणजे घड्याळाच्या पाठीवर हिरवा प्रकाश टाकणारा जो सेन्सर आहे, त्याचा या आकड्याशी निदान माझ्या घड्याळात तरी काही संबंध नाही. तो आकडा मोजलेला नसून मी भरलेल्या माहितीवरून काढलेला आहे.

यानंतर मी इनडायरेक्ट कॅलरीमेट्री, म्हणजे श्वासातल्या वायूंवरून शरीराचा ऊर्जाखर्च काढण्याची चाचणी, करून घेतली, आणि ती काय असते ते नीट सांगायला हवे. रात्रभर उपाशी राहायचे, सकाळचा चहासुद्धा नाही, चालत किंवा जिने चढत जायचे नाही. चाचणीच्या जागी आधी अर्धा तास नुसते पडून राहायचे. मग डोक्यावर पारदर्शक घुमट ठेवतात, त्याची प्लास्टिकची झालर मानेभोवती आणि खांद्यांखाली नीट खोचतात आणि एका नळीतून आतली हवा सतत ओढून घेतली जाते. झोप लागू द्यायची नाही. माझे डोळे मिटले की तंत्रज्ञ हाक मारत होते. सुरुवातीची पाच मिनिटे हिशेबात धरत नाहीत, कारण नव्या माणसाचा श्वास तेव्हा स्थिर नसतो. माझा ऑक्सिजनचा वापर मिनिटाला २०५ मिलिलिटर आणि बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड १६० मिलिलिटर भरला. १९४९ साली वेअर यांनी दिलेल्या समीकरणात हे दोन आकडे घातले की दिवसाला १४१८ कॅलरी होतात.

१६५० आणि १४१८. फरक २३२ कॅलरींचा, म्हणजे मला सांगितलेल्या ५०० च्या तुटीतला जवळजवळ निम्मा भाग. घड्याळावर विसंबून ताट वाढले असते, तर पथ्य पाळूनही वजन अपेक्षेच्या निम्म्याने उतरले असते आणि दोष माझ्या संयमाला लागला असता. जाड माणसांच्या वाट्याला हे नेहमी येते, म्हणून मला या आकड्याची एवढी काळजी वाटते.

चूक नेमकी जाड शरीरातच का वाढते, याचे कारण सरळ आहे. शरीराचे सगळे वजन सारखे जळत नाही. हृदय आणि मूत्रपिंडे किलोमागे दिवसाला सुमारे ४४० कॅलरी वापरतात, मेंदू २४०, यकृत २००. विश्रांतीतला स्नायू जेमतेम १३ आणि चरबी साडेचार. वजन वाढते तेव्हा मेंदू वाढत नाही, बहुतांशी चरबी वाढते. सूत्र मात्र प्रत्येक जादा किलोला तोच भाव लावते. मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचे १९९० चे सूत्र लठ्ठ व्यक्तींसाठी त्यातल्या त्यात बरे मानतात. त्याने माझे उत्तर १५५७ येते. सत्याच्या जवळ, पण पोचत नाही. अशी सूत्रे शंभर जणांच्या सरासरीला जुळतात. त्या शंभरांतल्या एका बाईला जुळतीलच असे नाही.

खरोखर मोजण्याचा प्रयत्न करणारी उपकरणे होऊन गेली. बॉडीमीडिया कंपनीचा सेन्सवेअर हा दंडावर बांधायचा पट्टा हालचालीबरोबर त्वचेचे तापमान, घामामुळे बदलणारी विद्युतवाहकता आणि शरीरातून बाहेर पडणारी उष्णता टिपत असे, आणि संशोधनात त्याचा बराच वापर झाला. २०१३ मध्ये ती कंपनी जॉबोनने घेतली आणि २०१७ मध्ये जॉबोनच बंद पडली. आज बाजारात मिळतात ती प्रामुख्याने मनगटी घड्याळे, ज्यांत प्रकाशावरून नाडी मोजतात. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात उपकरणे तपासली. सहांनी दाखवलेल्या हृदयगतीतली चूक पाच टक्क्यांच्या आत निघाली. ऊर्जेच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगले उपकरणही २७ टक्क्यांनी चुकले. बीएमआय जास्त असलेल्यांत आणि गडद त्वचेच्या लोकांत चूक आणखी मोठी होती. आपल्याकडच्या ग्राहकांना या दोन्ही गोष्टी लागू पडतात.

नाडीवरून खर्च काढण्यात आणखी एक अडचण मला स्वतःला आली. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी बीटा ब्लॉकर ही हृदयाची गती कमी करणारी गोळी सुरू केली आणि पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या त्याच चढाला, त्याच वेगाने चालूनही, घड्याळ हालचालीच्या कॅलरी पूर्वीपेक्षा कितीतरी कमी दाखवू लागले. गोळीने हृदय संथ केले होते, श्रम तेवढेच होते. जादा वजनाबरोबर रक्तदाबाचाही त्रास असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. शिवाय पट्टा सैल राहिला तर प्रकाश गळतो आणि घट्ट बांधला तर उन्हाळ्यात मनगटावर पुरळ उठते. मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर बांधल्यावर माझे आकडे स्थिरावले.

आता वजन ८९ किलो आहे. पुन्हा कॅलरीमेट्री केली तेव्हा आकडा १३२० आला. घड्याळ, नवे वजन भरल्यावर, १५८३ दाखवते. घड्याळाच्या हिशेबात ६७ ची घट, प्रत्यक्षात ९८ ची. वजन उतरले की शरीर खर्च आखडता घेते, आणि कधी कधी नुसत्या वजनावरून वाटेल त्याहून जास्त. २०१६ मध्ये केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या दूरदर्शन स्पर्धेतले १४ जण सहा वर्षांनी तपासले, तेव्हा त्यांचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. माझी घट त्यापुढे किरकोळ आहे, पण घड्याळाला तीही दिसली नाही.

घड्याळ मी टाकून दिलेले नाही. झोपेतली नाडी त्यावर महिन्यामहिन्याने उतरताना दिसते आणि पावले मोजायला ते चोख आहे. या दोन कामांसाठी मी ते कोणालाही सुचवीन. विश्रांतीच्या कॅलरींसाठी मात्र नाही. चाचणीत मोजलेला आकडा ॲपमध्ये भरण्याची सोय असावी आणि तोवर ॲपच्या आकड्यापुढे ‘अंदाजे’ असे छापावे, अशी लेखी मागणी मी कंपनीकडे केली. उत्तर साचेबद्ध आले. सध्या माझा आहार आहारतज्ज्ञांच्या वहीतल्या १३२० वर आखलेला आहे, आणि आणखी पाच-सहा किलो उतरले की पुन्हा त्या घुमटाखाली जायचे ठरले आहे.