"पावसाळी हवा हाय, वाळंल की": एपॉक्सीच्या नावाखाली झालेली फसवणूक

कोल्हापुरात सध्या कुणी बाथरूमची किंवा किचनची फरशी बदलत असेल, तर शेवटचा हप्ता देण्याआधी हे वाचा. फरश्यांमधल्या फटी, म्हणजे जॉइंट, ज्या मालानं भरतात त्याला ग्राउट म्हणतात. आमच्याकडून एपॉक्सी ग्राउटचे पैसे घेतले आणि जॉइंटमध्ये भरलं रंग कालवलेलं व्हाईट सिमेंट. दोन्हींच्या दरात कितीतरी पटींचा फरक असतो.

कळंब्याकडच्या आमच्या घरात ऐन पावसाळ्यात काम निघालं. कोटेशनमध्ये ठेकेदारानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, "बाथरूम एपॉक्सी ग्राउट, मटेरियल व मजुरीसह". काम झालं आणि दुसऱ्या दिवसापासून जॉइंट विचित्र दिसायला लागले. दाराजवळ फिकट राखाडी, कमोडच्या मागं आणि जाळीभोवती काळपट, ओलसर. फोन केला की एकच उत्तर: "वहिनी, पावसाळी हवा हाय, वाळंल की हळूहळू. टेन्शन घेऊ नका." पुढच्या आठवड्यात स्वतः आला आणि म्हणाला, वरनं सीलर (पाणी आत मुरू नये म्हणून मारायचा थर) मारूया, रंग एकसारखा येतोय. त्याचे पैसे वेगळे घेतले. सीलरनंतर तर जॉइंटवर पांढरट साय धरली.

मामांच्या ओळखीचे शाहूपुरीतले एक जुने फरशी मिस्त्री बघायला आले. त्यांनी पहिलं विचारलं, "डबं कुठं हायत?" एपॉक्सी तीन भागांत येतं: रेझिन, हार्डनर आणि फिलर. आमच्या गच्चीवर सापडली ती व्हाईट सिमेंटची फाटकी पिशवी आणि रंगाची पुडी. मग सासूबाईंना आठवलं, काम करणारं पोरगं घमेल्यात मगानं पाणी ओतून कालवत होतं. एपॉक्सीच्या मिश्रणात पाणी घालतच नाहीत. पाणी लागतं ते नंतर, फरशी पुसायला. मिस्त्रींनी जॉइंटवर किल्लीचं टोक ओढलं, तर रांगोळीसारखी भुकटी सुटली. वर थेंबभर पाणी टाकलं, ते बघता बघता आत मुरलं आणि तेवढी जागा गडद झाली. खरं एपॉक्सी पाणी पीत नाही. थेंब वरच राहतो आणि किल्लीनं भुकटी निघत नाही. या दोन तपासण्या कुणालाही घरी करता येतात.

मला सगळ्यात जास्त राग त्या पावसाळी हवेच्या सबबीचा येतो, कारण ती अर्धी खरी आहे आणि म्हणूनच पटते. साधं सिमेंटचं ग्राउट दमट हवेत सावकाश वाळतं. कालवताना पाणी जास्त झालं, पुसताना स्पंज नीट पिळला नाही, खालचा ॲडेसिव्ह किंवा मसाला ओला असतानाच जॉइंट भरले, तर कुठं गडद कुठं फिकट असे पट्टे येतात. जॉइंटची खोली कमीजास्त असली तरी तेच होतं. पण एपॉक्सी हवेनं वाळत नाही, रेझिन आणि हार्डनरच्या रासायनिक क्रियेनं कडक होतं. फार थंडी असेल तर वेळ लागतो, पण कोल्हापूरच्या पावसाळ्यात ते आठवडेच्या आठवडे ओलं राहायचं काही कारण नाही. बरेच दिवस चिकट राहिलं, तर मिश्रणाचं प्रमाण चुकलंय किंवा माल वाचवायला हार्डनर कमी घातलंय. आणि एपॉक्सीला सीलर लागतच नाही. ठेकेदार एपॉक्सीवर सीलर सुचवायला लागला, तर तिथंच काम थांबवा. आमच्याकडं तर ओल्या सिमेंटवर सीलर मारून आतली ओल कोंडली.

साधंच ग्राउट ठरलं असेल आणि एखादाच पट्टा ओला राहत असेल, तर आधी ओल खालून येतेय का ते बघा. त्या जागेवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावून दिवसभर ठेवा. प्लास्टिकच्या आतून पाणी धरलं, तर पाइप किंवा वॉटरप्रूफिंग तपासायला हवं. नुसतं ग्राउट बदलून ते थांबणार नाही.

"यावरच एपॉक्सीचा हात मारून देतो" असं कुणी म्हणालं, तर ऐकू नका. जुनं ग्राउट निदान दोन-तृतीयांश खोलीपर्यंत खरवडून, जॉइंट कोरडा करून मगच नवं भरावं लागतं. नाहीतर वरचा पापुद्रा निघून येतो. ठरवतानाच कंपनी, प्रकार आणि रंग लिहून घ्या, सीलबंद डबे समोर फोडायला लावा, रिकामे डबे आणि दुकानाचं पक्कं बिल ताब्यात घ्या.

कोटेशन, ऑनलाइन दिलेल्या पैशांचे पुरावे, पिशवीचे आणि जॉइंटचे फोटो ही आमची कागदपत्रं तयार आहेत. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते. लेखी नोटीस गेल्यावर ठेकेदारानं सीलरचे पैसे परत केले. एपॉक्सीच्या पैशांबद्दल तो अजून हवेलाच दोष देतोय, त्यामुळं आम्ही आयोगात जातोय.