‘वॉर्म टोन’च्या नावाखाली १८,००० चा चुना

खान्देशात व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांवर चालणारा) गिटार अ‍ॅम्प बाळगणारे मोजकेच. लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवणारी, हौसेपायी पैसे साठवून घेतलेली मंडळी. त्यांच्या कानावर हे घालायलाच हवं.

माझ्याकडे फेंडरचा ’६५ डीलक्स रिव्हर्ब रीइश्यू, म्हणजे ६५ सालच्या अ‍ॅम्पची नव्याने काढलेली आवृत्ती आहे. साडूने अमेरिकेहून आणलेला, १२० व्होल्टचा, म्हणून व्होल्टेज उतरवणाऱ्या स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो. २२ वॅट, बारा इंची स्पीकर, नऊ व्हॉल्व्ह. आवाज सुरेख, पण घरात हळू लावला की कानाला टोचतो. जळगावच्या गोलाणी मार्केटात मोबाइलचं वाट्टेल ते दुरुस्त होतं, व्हॉल्व्ह म्हटलं की पोरं हसतात. अशात एका कीबोर्डवाल्याने पुण्याच्या ‘स्पेशालिस्ट’चा नंबर दिला.

माणूस बोलायला गोड. “भाऊ, रीइश्यूत प्रिंटेड बोर्ड असतो, म्हणून आवाज थंड. कपलिंग कपॅसिटर सगळे ऑरेंज ड्रॉप टाकू, प्रीअ‍ॅम्पला जुने टेलिफंकन. ६५ सालचा आवाज देतो.” (कपलिंग कपॅसिटर म्हणजे आवाजाचा सिग्नल एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात नेणारे, ऑरेंज ड्रॉप हा त्यातला नावाजलेला प्रकार. प्रीअ‍ॅम्प म्हणजे अ‍ॅम्पचा पहिला टप्पा, आणि टेलिफंकन ही व्हॉल्व्हची जुनी जर्मन कंपनी.) १८,००० रुपये आगाऊ, यूपीआयने. अ‍ॅम्प ट्रॅव्हल्सने गेला, ट्रॅव्हल्सने आला.

आणि आवाज खरंच बदललेला! सगळी मेख इथेच आहे. टोचणं गेलं होतं, गोलाई आली होती. संशय घ्यायला जागाच नव्हती.

पुढे एक व्हॉल्व्ह करकरायला लागला, म्हणून अमळनेरच्या एका आप्पांकडे नेला. व्हॉल्व्हच्या रेडिओंच्या काळापासून हातात सोल्डरिंगचा कावीया धरलेला माणूस. त्यांनी आधी वीज साठवून ठेवणारे मोठे फिल्टर कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामे केले, मीटरने खात्री केली आणि मगच आत हात घातला. (प्लग काढल्यावरही तिथे चारशेच्या आसपास व्होल्ट राहू शकतात. यूट्यूब बघून घरी उघडू नका.)

बोर्ड बघून म्हणाले, “यामा नवं काहीच नही शे, भो. एक पाय कापेल शे.”

तो पाय ४७ पिकोफॅरडच्या एका चिमुकल्या कपॅसिटरचा. अ‍ॅम्पच्या दोनपैकी व्हायब्रेटो नावाच्या चॅनलच्या व्हॉल्यूमच्या पॉटवर (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरवर) तो बसवलेला असतो आणि उंच पट्टीच्या, ट्रेबलच्या आवाजाला आडवाटेने पुढे सोडतो. व्हॉल्यूम कमी असताना त्याचा परिणाम सर्वांत जास्त, वाढवत नेला की ओसरतो. म्हणजे घरातलं माझं टोचणं नेमकं त्याचंच. कटरने एक टोक छाटलं की काम झालं, पाच पैशांचा सुटा भाग लागत नाही. बाकी सगळे कपॅसिटर कारखान्यातलेच, सोल्डरचा डागही मूळचा. ऑरेंज ड्रॉप चांगले ठसठशीत नारिंगी असतात, नजरेतून सुटणं शक्यच नाही.

व्हॉल्व्हवरचं ‘टेलिफंकन’ अंगठ्याने पुसलं गेलं. अर्थात एवढ्यावरून नकली म्हणता येत नाही, खऱ्या जुन्या व्हॉल्व्हवरची छपाईही पुसते. पण टेलिफंकनच्या स्वतःच्या कारखान्यातल्या मालाला बुडाशी, पिनांच्या मधोमध, काचेतच उमटवलेली शंकरपाळीच्या आकाराची खूण असते. माझ्या एकाही व्हॉल्व्हला ती नव्हती. कुठले तरी वापरलेले व्हॉल्व्ह पुसून त्यावर नवं नाव छापलेलं.

त्यामुळे कोणी असं काम काढलं तर बोर्ड उघडा असतानाचे आधीचे आणि नंतरचे फोटो मागा, काढलेला प्रत्येक भाग पिशवीत परत मागा, पाठवण्यापूर्वी आपल्या व्हॉल्व्हवर बारीक खूण करा. नुसतं “वॉर्म करून देतो” म्हणणाऱ्याला विचारा, कुठला भाग, किती किमतीचा, कुठे. आणि आधी तो ४७ पिकोफॅरडवाला काढून ऐकवायला सांगा. कित्येकांचं काम तिथेच भागेल.

मी फोन केला तर गडी म्हणतो, “टोन कानाने ऐकायचा असतो भाऊ, बोर्ड उघडून नाही.” माझे मूळ व्हॉल्व्ह म्हणे भंगारात गेले. मग नंबर ब्लॉक.

यूपीआयची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचं त्याचं कोटेशन आणि आप्पांनी काढलेले फोटो जोडून जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे पुण्याचे हेलपाटे वाचले.