पेन प्लॉटर आठ महिने वापरल्यावर: यंत्र सोपं, पेन अवघड

ए४ आकाराचा, दोन मोटरी आणि दातेरी पट्ट्यावर चालणारा पेन प्लॉटर. मोटरी फिरतात, दांडा सरकतो आणि टोकाला अडकवलेलं साधं पेन कागदावर रेघ ओढतं. प्रिंटर ठिपके टाकतो, हा रेघा ओढतो. सगळी गंमत आणि सगळी कटकट याच फरकातून येते. आठ महिन्यांनंतरचं मत आधीच सांगून टाकतो: विकत घेताना अचूकतेच्या आकड्यांवर लोक जेवढा काथ्याकूट करतात, तेवढी त्याची गरज नाही. चित्र बिघडतं ते पेनामुळे, कागदामुळे आणि फायलीतल्या रेघांच्या क्रमामुळे. यंत्राचा दोष क्वचितच निघतो.

पहिलं चित्र कोणतं काढावं, याला उत्तर तयार आहे. जर्मनीच्या गेऑर्ग नीस यांनी १९६५ साली श्टुटगार्टला संगणकानं काढलेली चित्रं मांडली. पुढे त्यांनी ‘शॉटर’ नावाचं चित्र केलं. शॉटर म्हणजे खडी. १२ स्तंभ, २२ ओळी, एकूण २६४ चौरस. वरच्या ओळी शिस्तीत, खाली येताना प्रत्येक चौरस थोडा जास्त कलंडलेला आणि जागेवरून सरकलेला. प्रोग्रॅम दहा-पंधरा ओळींचा. चौरसाची बाजू १० मि.मी. धरली तर चित्र १२० बाय २२० मि.मी. होतं आणि एकूण रेघ भरते सुमारे साडेदहा मीटर.

देखण्या चित्राआड यंत्राची पूर्ण तपासणी होते, म्हणून ते पहिलं. प्रत्येक चौरस सुरू झाला तिथेच बंद व्हायला हवा. सगळे कोपरे एकाच दिशेला उघडे राहत असतील तर पट्टा सैल आहे. फक्त सुरुवातीचा मिलिमीटर-अर्धा मिलिमीटर गायब असेल तर पेन टेकायच्या आत दांडा निघतोय. कागदाच्या एकाच बाजूचे चौरस फिके असतील तर कागद किंवा टेबल सपाट नाही. वरच्या ओळींत चौरस एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे मधली रेघ दोनदा ओढली जाते आणि जाड दिसते. हा बिघाड नव्हे. ती काढून टाकायच्या भरीस पडू नका, चित्र निर्जीव होतं.

आता पेन टेकण्याबद्दल, कारण निम्म्या तक्रारी इथल्या असतात. अशा बहुतेक यंत्रांत छोटा सर्व्हो (ठरावीक कोनापर्यंत हात फिरवणारी छोटी मोटर) पेन फक्त उचलतो. खाली आल्यावर पेन स्वतःच्या वजनानं कागदावर बसतं. ‘खाली’ची पातळी अशी ठेवायची की सर्व्होचा हात पेनधारकाच्या एक-दोन मि.मी. खाली मोकळा राहील. मग कागद थोडा उंचसखल असला तरी पेन त्याच्याबरोबर वरखाली होतं. नवीन माणूस इथे हमखास चुकतो: हात पेनधारकाला टेकलेलाच ठेवतो आणि मग अर्धं चित्र हवेत काढलं जातं. उचलण्याची उंची ४-५ मि.मी. पुरते, जास्त ठेवली तर वेळ जातो आणि पेन आपटतं. टेकल्यानंतर ५० ते १०० मिलिसेकंद थांबायला सांगा. उचलतानाचा थांबा कमी पडला तर रेघेला शेपटी येते.

पेनांपैकी फाइनलायनर, म्हणजे बारीक फेल्टच्या टोकाचं पेन, सर्वांत आज्ञाधारक. पिग्मा मायक्रॉन या फाइनलायनरवरचे आकडे मात्र फसवे आहेत: ००५ म्हणजे ०.२० मि.मी., ०१ म्हणजे ०.२५ आणि ०५ म्हणजे ०.४५. रेघांनी जागा भरताना हे खरे आकडे लागतात. प्लॉटरला ‘रंग भरणं’ ठाऊक नाही. काळा चौकोन हवा असेल तर समांतर रेघा द्याव्या लागतात आणि दोन रेघांमधलं अंतर पेनाच्या जाडीएवढं किंवा किंचित कमी ठेवावं लागतं. जास्त ठेवलं तर पट्टे दिसतात, फार कमी केलं तर ओला कागद सोलून निघतो. हिशेब करून बघा: १०० बाय १०० मि.मी. चौकोन, अंतर ०.३ मि.मी., म्हणजे ३३३ रेघा, ३३ मीटरहून जास्त. आडव्या-उभ्या दोन्ही दिल्या तर ६६. एवढ्या घासण्यानं बारीक टोक झिजतं आणि चित्राचा शेवट सुरुवातीपेक्षा जाड दिसतो. त्यामुळे झिजलेली पेनं फेकायची नाहीत. ती भरणीला ठेवायची आणि नवं पेन फक्त सुट्या रेघांना. डब्यावर तारीख आणि ‘भरणी’ असं लिहून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त सुधार.

जेल पेन नखरेल. यंत्राच्या कमाल वेगाच्या पंधरा टक्क्यांवर नीट चालतं. फाइनलायनरच्या पंचवीस-तीस टक्क्यांवर नेलं की रेघ तुटते, कारण शाई टोकातल्या गोळीभोवती फिरून यायला वेळ मागते. सुरुवातीला तोडगा म्हणून कागदाच्या कडेला दोन-तीन सें.मी.ची फुकट रेघ फायलीतच घालून ठेवा, गोळी ओली होते आणि पहिला थेंब चित्राबाहेर पडतो. हलकं पेन नीट टेकत नसेल तर त्यावर एक-दोन लोखंडी नट चढवावेत. बॉलपेनाला हे हमखास लागतं. फाउंटन पेन उभं धरून लिहीत नाही. धारकात ते तिरकं, साधारण ४५ अंशांत बसवायची सोय असेल तरच नाद करा.

कागद गुळगुळीत हवा. ब्रिस्टल हा जाड, गुळगुळीत कागद, २०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) पुढचा, उत्तम. झेरॉक्सच्या ७०-८० जीएसएम कागदावर शाई फुटते आणि भरणीत कागद लाटेसारखा उठतो. जलरंगाचा खरबरीत कागद दिसायला राजबिंडा, पण फेल्टच्या टोकाला तो पॉलिशपेपरच. चारी कोपऱ्यांना मास्किंग टेप पुरते. दांडा टेपच्या कडेला अडकणार नाही एवढं बघा.

फायलीकडे वळू. एसव्हीजी (रेघांच्या रूपातली चित्राची फाइल) इंकस्केप या चित्र काढायच्या प्रोग्रॅममधून थेट पाठवता येते, पण ‘व्हीपाइप’ या मोफत साधनातून आधी गाळून घेणं हा खरा फरक. तीन आज्ञा पुरतात: लाइनमर्ज टोकाला टोक लागलेल्या रेघा जोडते, लाइनसॉर्ट जवळची रेघ आधी घेते, रीलूप बंद आकृत्यांचे आरंभबिंदू विखुरते. पेन उचलायला आणि टेकवायला मिळून ०.३ सेकंद लागतात असं धरलं तर ६,००० सुट्या तुकड्यांच्या चित्रात निव्वळ उठाबशीत अर्धा तास जातो. जोडून ते ९०० झाले तर साडेचार मिनिटं. रीलूपकडे लोक दुर्लक्ष करतात. एकात एक पन्नास वर्तुळं काढा आणि ती नसेल तर कळेल: प्रत्येक वर्तुळाचा आरंभाचा ठिपका एकाखाली एक येऊन चित्रावर शिवण उमटते.

देवनागरी हा स्वतंत्र त्रास आहे. नेहमीचे फॉन्ट बाह्यरेषेचे असतात, त्यामुळे प्लॉटर अक्षराची कड काढतो आणि आत पोकळ ठेवतो. वर शिरोरेघेत प्रत्येक अक्षराची कड पुढच्यात घुसते, तिथे छोट्या उभ्या रेघा दिसतात. इंकस्केपमध्ये मजकुराचं पाथमध्ये (रेघांमध्ये) रूपांतर करून युनियन केलं, म्हणजे आकार एकत्र जोडले, की त्या जातात, पोकळपणा राहतो. रोमन लिपीसाठी १९६७ सालचे हर्शी फॉन्ट आहेत, एकाच रेघेचे; त्यांत देवनागरी नाही. चालणारा उपाय असा: जाड स्केचपेनानं अक्षरं लिहा, स्कॅन करा, इंकस्केपच्या ट्रेसमध्ये (चित्रावरून रेघा बनवणारी सोय) ‘सेंटरलाइन’ निवडा. मधली रेघ मिळते. जोडाक्षरांत आणि शिरोरेघेला काना मिळतो तिथे ती चुकते, गाठ पडते. तिथले नोड (रेघेवरचे बिंदू) हातानं सरकवावे लागतात. शिरोरेघ वेगळी, एकसंध रेघ म्हणून शेवटी दिली तर हस्ताक्षराचा बाज येतो, कारण आपणही ती शेवटीच ओढतो.

रंगांचं सूत्र सोपं: फिका आधी, गडद नंतर. उलट केलं तर पिवळ्या पेनाचं टोक काळं होतं आणि पेन कायमचं जातं. एचपी ७४७५ए या जुन्या प्लॉटरमध्ये सहा पेनांचं फिरतं चाक होतं. इथे पेन हातानंच बदलायचं. बदलताना मोटरी सुट्या सोडू नका. या यंत्राला कोपरा ओळखणारे स्विच नाहीत, दांडा हलला की मूळ जागा गेली. नव्या पेनाचं टोक जुन्याच्याच जागी यावं म्हणून कोपऱ्यात बारीक फुली काढून ठेवावी आणि प्रत्येक पेन तिच्यावर टेकवून बघावं. दोन पेनांच्या नळीच्या जाडीत फरक असेल तर अर्धा मि.मी. सहज सरकतं.

तक्रारी? संगणक झोपला की चित्र अर्ध्यात थांबतं, आणि पेन टेकलेलंच राहिलं तर डाग पडतो. स्लीप बंद करून बसा. त्याच टेबलावर टंकलेखन केलं तर लांब रेघांत लहर दिसते. सातव्या महिन्यात सर्व्हो गुणगुणायला लागला, पेन मध्येच वर राहू लागलं. नऊ ग्रॅम वर्गातला तीन तारांचा साधा सर्व्हो बसवून काम भागलं. हात चढवण्याआधी सर्व्हो चालू करून मधल्या स्थितीत आणायचा, नाहीतर पुन्हा सगळं उघडावं लागतं. पट्टा एकदा ताणावा लागला. त्यावर तेल अजिबात नको, धूळ कोरड्या ब्रशनं झाडायची.

खेळायला पुढे काय, तर संगणकानं चित्रं काढणाऱ्या चित्रकार व्हेरा मोल्नार यांची १९७४ची ‘(दे)झॉर्द्र’ मालिका बघा: एकात एक चौरस, कोपरे जरासे हललेले. हलण्याचं प्रमाण एक टक्का ठेवा, मग पाच, मग वीस. पाचाच्या आसपास चित्र जिवंत वाटतं, विसाला नुसता गुंता. हे पडद्यावर कळत नाही. पडद्यावर वीस टक्केही बरे दिसतात. कागदावर तिथे रेघा एकमेकींवर चढून शाईची डबकी होतात.