पहाटे पाचचा तालमूद वर्ग

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापला वेळेसाठी, एक कशासाठी ते पुढे सांगते.

अमेरिकेतल्या एका संस्थेचा मोठ्यांसाठीचा दहा आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग. विषय, तालमूद या ज्यू धर्मचर्चांच्या ग्रंथापासून ज्यू परंपरेत शतकानुशतकं चालत आलेले वाद. त्यांची मंगळवारची संध्याकाळ म्हणजे आमची ठाण्यातली बुधवारची पहाट. दूधवाल्याच्या आधी रब्बी (ज्यू धर्मगुरू) हजर!

शिकवण्याची पद्धत मात्र झकास. व्याख्यान वीसच मिनिटं, मग जोडीजोडीने उतारा वाचायचा आणि भांडायचं. याला हव्रूता म्हणतात. माझ्या वाट्याला शिकागोचे एक निवृत्त दंतवैद्य आले. पहिला उतारा मिश्ना या तालमूदच्या मूळ संहितेतल्या, खाण्याच्या मांसाविषयीच्या हुल्लीन या भागातला. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको, असं तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, सांगते. मग कोंबडीचं काय? रब्बी योसे हग्लीली म्हणतात, कोंबडीला आईचं दूध नसतंच, तेव्हा मनाई लागू नाही. पुढे हे मत टिकलं नाही, पण कुणी खोडूनही टाकलं नाही. पान उघडलं की आजही समोर. डॉक्टर तावातावाने बोलत होते. मी म्हटलं, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू, कोंबडीच्या रश्श्यात नारळाचं दूध घालतो, आमचं कधी अडलंच नाही. त्यांनी वही काढून कृती लिहून घेतली. त्या दिवशीचा अभ्यास तिथेच संपला.

हिल्लेल आणि शम्माय हे जुन्या काळचे दोन गुरू, त्यांच्या शिष्यांचे सतत वाद. त्यातला हिल्लेलच्या शिष्यांचा भाग मला सगळ्यात आवडला. निवाडा हिल्लेलच्या शिष्यांच्या बाजूने का लागला, तर ते शम्मायच्या शिष्यांचं म्हणणं आधी सांगत, आपलं नंतर. आमच्या सोसायटीच्या सभेत हे कुणाला सुचेल तर शपथ.

आता तो एक तारा. आठवा आठवडा ‘ज्यू कोण?’ या वादाचा. रशियातले ज्यू झाले, इथिओपियातले झाले, आमचं बेने इस्राएलांचं नावही नाही. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने आदेश काढला, की बेने इस्राएलांचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी मागच्या पिढ्यांची चौकशी करा. लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले. माझी मोठी आत्या त्यांच्यात होती. शेवटी १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, आम्ही सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं.

मी हात वर करून हे सगळं सांगितलं. शिक्षिकेने शांतपणे ऐकलं, चूक मान्य केली आणि पुढच्या तासाची पंधरा मिनिटं मला दिली. तेवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण हे त्यांच्या छापील टिपणांत यायला हवं. दर वेळी ठाण्याचं कुणी पहाटे पाचला उठून बसेलच असं नाही.