डबा नवा, सोल मेलेला: हिवाळी ट्रेकचे बूट घेताना होणारी फसवणूक

उत्तराखंडातल्या केदारकंठा, ब्रह्मताल या बर्फातल्या ट्रेकसाठी डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईहून जाणारे बरेच जण दिवाळीच्या आसपास बूट घेतात. नेमके तेव्हाच 'इम्पोर्टेड माल, शेवटचे काही जोड' असे सेल लागतात. बारा हजारांचा बूट साडेचार हजारांत. तळाला मातीचा कण नाही, पायाला मऊ बसतो, डबा कोरा. केदारकंठ्याच्या पायथ्याचं सांकरी गाव सोडल्यावर पहिल्याच दिवशी टाचेकडे फट पडते आणि जुडा का तालाब या पहिल्या मुक्कामाच्या तळ्यापर्यंत सोल लोंबायला लागतो. दुकानात फोन केला की ठरलेलं उत्तर: "बर्फात वापरलेत ना, मग आम्ही काय करणार?"

इथे बर्फाचा दोष नाही. तो बूट दुकानातच मेलेला होता.

भारी ट्रेकिंग बुटांत वरचं चामडं आणि खालचं खाचांचं रबर यांच्यामध्ये बहुधा पॉलियुरेथेन फोमचा मिडसोल असतो. हवेतली वाफ या फोममध्ये शिरते आणि त्याच्या रेणूंचे बंध हळूहळू तोडते. याला हायड्रोलिसिस म्हणतात. बूट बनला त्या दिवसापासून ही क्रिया चालू होते; तो पायात आहे की डब्यात, याने ती थांबत नाही. साधारण पाच ते दहा वर्षांत फोमचा भुगा होऊ लागतो. मुंबई-कोकणासारख्या उष्ण, दमट हवेतल्या गोदामात त्याहून लवकर. उलट नियमित वापरातला बूट अनेकदा जास्त टिकतो, कारण चालताना फोम दाबला जाऊन आतली वाफ बाहेर पडत राहते. म्हणूनच "एकदाही वापरलेला नाही" हे वाक्य इथे भरवशाचं नाही, उलट सावध करणारं आहे.

जुना माल स्वस्तात विकायला हरकत नाही. वय लपवणं ही फसवणूक. कुठे डब्यावर जुन्या तारखेवर नवं स्टिकर चिकटवलेलं असतं, कुठे डबाच बदललेला असतो. पाकिटबंद मालावर उत्पादनाचा महिना-वर्ष छापावं लागतं, पण ऑनलाइन विक्रीच्या पानावर नेमकी हीच माहिती दाखवण्याचं बंधन नाही. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून लेबलचा फोटो मागवाच. डब्याचा नको, बुटाच्या जिभेच्या आत शिवलेल्या लेबलचा. त्यावर मापाशेजारी बहुतेकदा बारीक अक्षरांत महिना आणि वर्ष असतं. तीन वर्षांपेक्षा जुना पॉलियुरेथेनचा जोड हिमालयासाठी घेऊ नका, भाव कितीही पडलेला असो.

बूट हातात आला की टाचेवर, तळाच्या रबराच्या वर दिसणाऱ्या फोमच्या पट्टीत अंगठ्याचं नख जोरात दाबा. चांगला फोम लगेच परत फुगतो; खराब फोमवर खूण तशीच राहते, पृष्ठभाग चिकट लागतो किंवा पीठ सुटतं. मग चवड्यापाशी बूट वाकवून मिडसोलवर केसासारख्या भेगा दिसतात का ते उजेडात पाहा. काही बुटांत मिडसोलभोवती रबराची पट्टी असते, तिथे नख पोचत नाही. त्यावर उपाय एकच: निघायच्या तीन आठवडे आधी पाठीवर आठ-दहा किलो घेऊन सिंहगड किंवा राजगड दोनदा चढून उतरा. मेलेला सोल बहुधा तिथेच सुटतो, आणि बूट बदलायला वेळ उरतो.

चांभाराकडून चिकटवून घेण्यात अर्थ नाही. डिंक सुटलेला नसतो, ज्याला डिंक लावायचा तो फोमच विरलेला असतो.

दुसरी फसवणूक 'वॉटरप्रूफ' या शब्दाची. पाणी काही वेळ अडवणारं कापड आणि आत पूर्ण जलरोधक पडदा यांत मोठा फरक आहे. बुटात वर्तमानपत्राचा बोळा कोंबून तो टोपात पाच सेंटिमीटर पाण्यात वीस मिनिटं ठेवा. कागद कोरडा निघायला हवा. जीभ दोन्ही बाजूंनी किती उंचीपर्यंत शिवलेली आहे तेही बघा, बर्फाचं पाणी तिथूनच शिरतं.

बिलावर मॉडेल आणि लेबलवरची तारीख लिहून घ्या. दुकानदार ती लिहायला कां कूं करत असेल तर तिथूनच परत फिरा. फसगत झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे दाद लागली नाही तर दोन वर्षांच्या आत स्वतःच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. सुटलेल्या सोलचे, भुग्याचे आणि लेबलचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

आणि वाटेतच सोल सुटला तर? पिशवीत तीन मीटर बारीक दोरी असू द्या. चवड्याखालून दोन वेढे, कमानीखालून एक, गाठ पायाच्या वर, तळाशी नको. वर मायक्रोस्पाइक्स (बर्फात घसरू नये म्हणून बुटावर चढवायचे रबरी पट्ट्याचे खिळे) चढवले की त्यांचं रबर सोल आवळून धरतं. एवढ्यावर सांकरीपर्यंत उतरता येतं. शिखराकडे जाऊ नका.