वैद्यकीय शब्दकोशाचे एक ॲप आणि ‘डॉलिकोसेफॅली’

नात्यातल्या एका गर्भवतीच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘डॉलिकोसेफॅली’ हा शब्द आला आणि घरातले सगळे धास्तावले, म्हणून मी नेहमी वापरतो त्या वैद्यकीय शब्दकोशाच्या ॲपमध्ये तो शोधला. व्युत्पत्तीच्या बाबतीत ॲप चोख आहे. ग्रीक ‘डोलिखोस’ म्हणजे लांब आणि ‘केफाले’ म्हणजे डोके. डोक्याच्या कमाल रुंदीला कमाल लांबीने भागून १०० ने गुणले की शीर्ष-निर्देशांक मिळतो. तो ७५ च्या खाली असेल तर डोके दीर्घशिरस्क म्हणजे लांबट, ८० च्या वर असेल तर ऱ्हस्वशिरस्क म्हणजे आखूड आणि मधले ते मध्यशिरस्क. स्वीडिश शरीररचनाशास्त्रज्ञ अँडर्स रेट्झियस यांनी १८४२ च्या सुमारास ही मोजणी मांडली, अशीही नोंद आहे. उच्चार स्पष्ट ऐकू येतो.

अडचण आहे ती वापराच्या रकान्यात. तिथे ‘डोक्याचा लांबट आकार’ एवढीच ओळ आहे आणि रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या माणसाला तिचा काडीचाही उपयोग नाही. गर्भ पायाळू असेल किंवा त्याच्याभोवतीचे पाणी कमी असेल, तर डोके दोन्ही बाजूंनी दबून लांबट दिसू शकते. अशा वेळी डोक्याच्या रुंदीवरून काढलेले गर्भाचे वय प्रत्यक्षापेक्षा कमी येते, म्हणून डॉक्टर डोक्याच्या घेरावर अधिक विसंबतात. म्हणजे सोनोग्राफीत हा शब्द पुष्कळदा माप जपून वाचा, एवढेच सांगत असतो. याउलट, कवटीचा पुढून मागे जाणारा सांधा वेळेआधी जुळल्यामुळे बाळाचे डोके लांब झाले असेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी हवीच आणि त्या आकाराला ‘स्कॅफोसेफॅली’ म्हणतात. ॲपने हे दोन्ही शब्द समानार्थी ठरवून एकमेकांशी जोडून टाकले आहेत. माझ्या मते ही या नोंदीतली सर्वांत गंभीर चूक आहे, कारण तिच्यामुळे विनाकारण घाबरणारा आणि विनाकारण निर्धास्त राहणारा, असे दोघेही फसतात.

दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे ‘वंश ओळखण्याचे लक्षण’ हा अर्थ वर्तमानकाळात दिला आहे. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत अमेरिकेत जन्मलेल्या स्थलांतरितांच्या मुलांचा निर्देशांक पालकांपेक्षा वेगळा आढळला होता आणि डोक्याच्या आकारावरून माणसांचे वंश ठरवण्याची पद्धत आज विज्ञान मानत नाही. ‘कालबाह्य’ एवढी एक खूण तरी हवी होती. गंमत म्हणजे सर्वांत नेमकी नोंद पशुवैद्यकाच्या रकान्यात आहे: कुत्र्यांच्या जातींपैकी ग्रेहाउंड आणि बोर्झॉय दीर्घशिरस्क, पग ऱ्हस्वशिरस्क, आणि पगच्या श्वासाच्या त्रासाचा उल्लेखसुद्धा!

व्युत्पत्ती आणि उच्चारासाठी मी हे ॲप ठेवणार आहे, म्हणून पाचपैकी तीन तारे. रिपोर्टचा अर्थ मात्र आम्ही डॉक्टरांनाच विचारला. घेरानुसार बाळाची वाढ योग्य आहे, असे त्यांनी सांगितले.